गॅस संपत नसतो

१८ फेब्रुवारी

घुम्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. फोन न उचलायला काही करावं लागत नाही. पत्र न वाचता फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. तेवढं तरी कर.

बाबांच्या खोलीतला एसी पुन्हा गेला. गेला म्हणजे चालू आहे, घुरघुरतो आहे, पातं वरखाली हलतं आहे, फक्त गार करत नाही. थंडीच्या शेवटी गॅस भरून घेतला तेव्हा मेकॅनिक छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "काकू, आता दोन उन्हाळे बघायला नको." उन्हाळा अजून उंबऱ्यावरच उभा आहे आणि ये रे माझ्या मागल्या. या मेकॅनिकला मी फुस्स म्हणते. तो बाहेरच्या यंत्राला नळ्या लावतो, काट्याकडे बघतो आणि टाळूला जीभ लावून सांगतो, "फुस्स! गॅस संपला, काकू." जसं काही मीच तो चोरून वापरला.

तुला माहीत असलेलं पुन्हा लिहिते. गच्चीवरच्या टाकीचं झाकण बसवताना बाबा पडले, मणका गेला, तेव्हापासून छातीच्या खाली त्यांना घाम येत नाही. डॉक्टरांनी मला समजावलं होतं की आपल्या अंगाला आपला आपला पंखा असतो, यांचा बंद पडला. खोली तापली की माणूस तापतो, आणि खोली निवली तरच निवतो. उभी हयात पोहण्याच्या तलावावर शिकवण्यात गेली, ओला टॉवेल खांद्यावरून कधी उतरला नाही, आणि आता त्याच माणसाचं सगळं त्या भिंतीवरच्या पांढऱ्या खोक्यावर आलं आहे. म्हणून मी एसीबद्दल एवढं लिहिते. म्हातारीला दुसरा विषय नाही असं समजू नकोस.

बाकी ठीक. खोली मी दिवसातून तीनदा पुसते. मेणकापड रोज बदलते. कधीही ये, आधी कळवायची गरज नाही.

आई


९ मार्च

घुम्या,

फुस्सनं गॅस भरला, आठवडाभर खोलीत स्वेटर घालून बसायची वेळ आली, आणि मग पुन्हा तेच. या वेळी बाबांनी त्याला पलंगावरूनच धरलं.

"काय रे, गॅस संपतो म्हणजे जातो कुठे?"

"वापरला जातो काका. स्वयंपाकाचा नाही का संपत?"

"स्वयंपाकाचा जळतो. हा जळतो का?"

"नाही."

"मग?"

फुस्स पाना हातात घेऊन उभा राहिला. बाबांना चेव चढला. "माझ्या तलावाचं पाणी पंपातून गाळणीत जायचं, गाळणीतून परत तलावात. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. एखाद्या सकाळी वीतभर खाली गेलेलं दिसलं तर मी काय म्हणायचं? पोरांनी पोहून पोहून संपवलं?"

फुस्स हसला. हसला आणि कबूल झाला. "गॅस संपत नसतो, काका. गळतो. पण गिऱ्हाइकाला गळतो म्हटलं की ते म्हणतं, शोध. आणि शोधायला बसलो की माझा दिवस जातो. संपला म्हटलं की भरला आणि निघालो."

"म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," बाबा म्हणाले, आणि इतके हसले की ठसका लागून मला पाठ चोळावी लागली.

मला मात्र हसू आलं नाही. इतके दिवस मी पण "संपला" असंच म्हणत होते. संपला म्हटलं की वाईट वाटत नाही, जी वस्तू संपते ती संपणारच असते. गळतो म्हटलं की कुठून, कधीपासून, कुणामुळे, हे सगळं बघावं लागतं. हे मी एसीबद्दलच लिहिते आहे बरं का. नाहीतर तुला वाटेल, आईनं टोमणा मारला.

मग शोधाशोध झाली. फुस्सनं वाटीत साबणाचा फेस केला आणि बाबांच्या दाढीच्या ब्रशनं नळ्यांच्या सगळ्या सांध्यांना लावला. बाहेरच्या एका नटापाशी फुगा आला. तो नट आवळला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. आठवडा बरा गेला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा नुसता वारा. म्हणजे गळती आणखी कुठेतरी होती.

त्या दुपारचं लिहू की नको असं झालं होतं, लिहितेच. मी आत भात गाळत होते. बाबांनी हाक मारली ती मला ऐकूच आली नाही, कारण आवाजच नव्हता. जाऊन बघते तर चेहरा लालबुंद, अंग तव्यासारखं, आणि डोळे माझ्याकडे असून माझ्यावर नाहीत. ओल्या चादरी, काखेत बर्फ, पुठ्ठ्यानं वारा. फुस्स आला, गॅस भरला, खोली निवली, तसे हळूहळू बाबाही निवले. डोळे उघडून पहिलं काय म्हणाले असतील? "भात गाळलास का?"

त्या दिवशी मी एक धडा घेतला. अंग तापलं की आधी एसी बघायचा. फुस्सचा नंबर फोनशेजारच्या भिंतीवर डॉक्टरांच्या नंबराच्या वर लिहून ठेवला आहे, मोठ्या अक्षरात.

तू म्हणाला होतास की बाबांना संस्थेत ठेवू, तिथे माणसं असतात, सोयी असतात. मी नाही म्हटलं. माझा माणूस मी दुसऱ्याच्या हातात देणार नाही म्हटलं. त्यावर तू दारात उभा राहून जे बोललास ते मी इथे लिहीत नाही. तुला आठवत नसेल तर चांगलंच आहे.

आई


२८ मार्च

घुम्या,

पार्सल मिळालं. वरखाली करून बघितलं, खोका उपडा करून झटकला, आत चिठ्ठी नाही. तुझंच आहे हे त्यावरूनच ओळखलं.

म्हणजे तू पत्रं वाचतोस. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ नळ सोडून उभी राहिले.

खोलीतली उष्णता सांगणारं हे यंत्र बाबांच्या उशीसमोरच्या भिंतीवर लावलं आहे. काळे आकडे लांबूनही दिसतात. बाबांनी त्याचं लगेच बारसं केलं. भिंतीवर बसून असतं, तोंडातून शब्द काढत नाही, विचारलं तर एक आकडा सांगतं आणि गप्प. म्हणून त्याचं नाव घुम्या. आता दिवसभर आमच्याकडे हेच चालतं. "अगं, आपला घुम्या काय म्हणतोय?" "सव्वीस म्हणतोय." "मग बरं आहे त्याचं."

तुझ्याबद्दल बोलायला आम्हाला एक निमित्त मिळालं. नाहीतर तुझं नाव निघालं की आम्ही दोघंही पंख्याकडे बघायचो.

एसीचं पुन्हा तेच. फुस्स म्हणतो, बाहेरचे सगळे सांधे ठीक आहेत, आता आतली कॉइल काढून दुकानात न्यावी लागेल. कॉइल म्हणजे एसीच्या पोटातली तांब्याच्या नळ्यांची जाळी. गार तीच होते.

खोलीची काळजी नको. तू गेल्यापासून मी साध्या पाण्यानं पुसत नाही. व्हिनेगर घालते, चांगलं भरपूर घालते. पांढरं मिळतं ना ते. फरशी, पलंगाचे गज, मेणकापड, सगळं त्यानंच. एसीच्या जाळीवरही फवारते, कारण वास म्हणे तिथेच बसतो. दार बंदच असतं, गारवा जाऊ नये म्हणून, त्यामुळे खोली अशी लख्ख वासाची राहते. येशील तेव्हा कळेल.

आई


१७ एप्रिल

घुम्या,

हे पत्र तीनदा लिहायला घेतलं. आज पाठवणार.

फुस्सनं कॉइल काढून नेली. नवी यायला वेळ होता, म्हणून बाबांना पुढच्या खोलीत खिडकीपाशी हलवलं. ओल्या चादरी बदलून बदलून माझे हात सोलवटले, पण बाबा खूश. इतक्या दिवसांनी रस्ता दिसला. समोरच्या दुकानदाराचं टक्कल पडलं आहे हे त्यांना आत्ता कळलं. "मला कुणी सांगितलं नाही," म्हणून माझ्यावर रुसले.

फुस्स परत आला तो एकटा नाही, दुकानाच्या मालकाला घेऊन. मालक दारातच थबकला आणि त्यानं नाक वर केलं. मग मला विचारलं, "बाई, खोलीत काय वापरता?" मी कौतुकानं बाटली आणून दाखवली. त्यानं बाटली बघितली, फुस्सकडे बघितलं, आणि दोघंही माझ्याकडे बघेनात.

मग सांगितलं. आंबट वाफ तांब्याला खाते. बंद खोली, ओली जाळी, रात्रंदिवस तीच हवा फिरते. नळीला मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक भोकं पडत जातात, डोळ्याला दिसत नाहीत, साबणाला सापडत नाहीत. वरून चकचकीत आणि आतून चाळण. "तुम्ही जेवढं पुसलंत तेवढं ते गळलं," असं तो म्हणाला. वाईट मनानं नाही म्हणाला. विचारलं म्हणून सांगितलं.

लिंबू तांब्याला खातं हे मला माहीत नव्हतं का? जन्मभर तांब्याची भांडी घासली. लिंबाचं साल फिरवलं की तांबं लखलखतं ते काही लाडानं नाही, वरचा थर जातो म्हणून. हातांना ठाऊक होतं आणि डोक्याला नव्हतं. गॅस गेला की मी फुस्सला शिव्या घालायचे आणि त्याची वाट बघताना फरशी पुसायला घ्यायचे.

आता ते वाक्य लिहिते. तू दारात उभा राहून म्हणाला होतास, "आई, तुझ्या या हट्टापायी तुझ्याच हातून बाबा जातील." वर्षभर मी त्या वाक्याशी भांडते आहे. भांडी घासताना भांडते, बाजारात भांडते. आणि परवा तो मालक बाटली हातात धरून उभा होता तेव्हा मला तेच वाक्य पुन्हा ऐकू आलं.

आणखी एक आहे, ते मात्र तुला लागेल. लागू दे. व्हिनेगर मी का सुरू केलं? त्या दिवशी बोलायच्या आधी तू खिशातून रुमाल काढून नाकाला लावला होतास. तुला कळलंही नसेल. बाबांनी बघितलं, मी बघितलं. तू गेलास आणि मी दुसऱ्या दिवसापासून वासाच्या मागे लागले. वाटायचं, हा कधीतरी न सांगता येईल, दार ढकलेल, आणि रुमालाकडे हात गेला तर पुन्हा उंबऱ्याच्या आत येणार नाही. म्हणून तीनदा. म्हणून लख्ख.

बाबांना विचारलं, तुम्हाला इतका वास येत होता का हो? ते म्हणाले, "मला? माझं नाक क्लोरीननं कधीच मारलंय. तुझी करपलेली भाजी मी कौतुकानं खातो, ते काय प्रेमानं वाटलं तुला?" इतकी वर्षं संसार केला, हे मला माहीत होतं, आठवलं मात्र नाही. मग म्हणाले, "व्हिनेगर तेवढं झोंबायचं. डोळ्यांना."

"मग बोलला का नाहीत?"

"तू पुसायला यायचीस तेव्हा खोलीत असायचीस. एरवी तुला वेळ कुठे असतो?"

मी पलंगाच्या कडेला टेकले. त्यांनीच पुढे सांगितलं, "पुसायचं बंद कर. बसायचं बंद करू नकोस."

आई


७ मे

घुम्या,

नवी कॉइल बसली. खोली गार आहे. तुझा भिंतीवरचा भाऊ चोवीस म्हणतो आणि त्यावरून हलत नाही. बाटल्या मी दुकानदाराला परत दिल्या, टक्कलवाल्याला.

मला आनंद व्हायला पाहिजे. होतच नाही. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं, तसं झालं आहे. दर थोड्या वेळानं उठते, एसीखाली हात धरते. गार लागतो. मग वाटतं, मघाशी जास्त गार होता. मग बाबांच्या कपाळाला हात लावते, मग पुन्हा एसीखाली. माझ्या हाताचा माझाच भरवसा गेला आहे. बाबा म्हणतात, "भिंतीवर पोरगं कशाला बसवलंय? त्याला विचार." मी विचारते आणि तरी हात धरते.

खोलीला आता वास येतो. खोटं कशाला सांगू. आजारी माणसाच्या खोलीला येतो तो येतो. साध्या पाण्यानं पुसते आणि खिडकी घटकाभर उघडते.

बाबांना तुला चार ओळी सांगायच्या आहेत. ते सांगतील तसं लिहिते, माझं काही घालत नाही.

"घुम्या, तुला आठवतं, तू सहा वर्षांचा असताना अख्खा मोसम तलावाच्या काठावर बसून होतास? बाकीची पोरं पोहायला लागली आणि मास्तरांचा पोरगा कोरडा. लोक हसायचे. तुझी आई म्हणायची, ढकला त्याला, पडला की शिकेल. (मी असं म्हटलं नव्हतं.) मी कुणालाही कधी ढकललं नाही. ढकललेला पोरगा पाणी शिकतो, पण शिकवणाऱ्याला विसरत नाही. तू शेवटच्या दिवशी पाय सोडलेस, गुडघ्यापर्यंत. मला तेवढं पुरलं होतं. आताही काठावर बस. खोलीत येऊ नकोस पाहिजे तर. बाहेरच्या खोलीत बस, मला तुझी खुर्ची सरकलेली ऐकू येईल."

एवढं बोलून दमले. मग म्हणाले, खाली सही कर माझी. मी केली. त्यांच्यासारखी जमली नाही.

आई


३ जून

घुम्या,

बाबांना निरोप द्यायला तू स्मशानात आला होतास. सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून. मला वाटलं, आता पुढे येशील. लोक बाजूला झाले तेव्हा भिंत तेवढी होती. घरी आला नाहीस. राग आला नाही. राग यायला अंगात काही लागतं.

पण मला तिथे तुला जे सांगायचं होतं ते राहिलं, आणि ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

सकाळी बाबा म्हणाले, "गरम होतंय गं." कपाळाला हात लावला तर चटका बसला. मी घुम्याकडे बघितलं. चोवीस. मला ते खरं वाटेना. गॅस गेला, पुन्हा गेला, हेच डोक्यात. एसीखाली हात धरला, वारा लागला, गार की कोमट ते मला सांगता येईना. मी तुझं यंत्र भिंतीवरून काढलं आणि जुना थर्मामीटर झटकतात तसं झटकलं. पुन्हा बघितलं. चोवीस. मी त्याला म्हटलं, तू पण बिघडलास. आणि पालथं ठेवून दिलं.

मग फोनपाशी गेले. भिंतीवर दोन नंबर होते. वरचा लावला.

फुस्स दुसऱ्या कामावर होता, म्हणाला, येतो काकू, दुपार होईल. मी म्हटलं, लवकर ये. ओल्या चादरी काढल्या, बर्फ काढला. मला सगळं पाठ होतं. बाबांना थंडी वाजायला लागली तेव्हाही मी म्हटलं, बर्फामुळे. ते दोनदा काहीतरी बोलले, मला समजलं नाही. एकदा मात्र नीट म्हणाले, "अगं, घुम्या काय म्हणतोय?" मी म्हटलं, "तो बिघडलाय हो."

फुस्स आला. बाहेरच्या यंत्राला नळ्या लावल्या, काट्याकडे बघितलं, परत बघितलं. आत येऊन एसीखाली उभा राहिला. मला अजून आठवतं, त्याच्या हातावर काटा आला होता, गारव्यानं. मग तो पलंगाकडे वळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकू, मशीनला काही झालेलं नाही. काकांना बघा. डॉक्टरला बोलवा, काकू, मशीन ठीक आहे."

लघवीसाठी त्यांना कायमची नळी लावलेली असायची, तिच्यातून जंतुसंसर्ग झाला होता, तो रक्तात गेला. आदल्या दिवसापासून असेल, डॉक्टर म्हणाले. मी त्यांना विचारलं, सकाळी फोन केला असता तर? ते थोडा वेळ चष्मा पुसत राहिले. "सांगता येत नाही," म्हणाले. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणाले. हो म्हटलं असतं तर मी रडले असते, नाही म्हटलं असतं तर झोपले असते. आता दोन्ही होत नाही.

रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. हे म्हणून ठसका लागेपर्यंत हसणारा माणूस आत तापत होता आणि मी एसीचं तापमान बघायला माणूस बोलावला होता. तुला हसू येत असेल तर हस. त्यांना आलं असतं.

तुझं वाक्य खरं झालं, घुम्या. माझ्याच हातून गेले. मी त्या वाक्याशी आता भांडत नाही. पण एक सांगते, तुझ्या यंत्राचंही खरं होतं. तू नव्हतास तरी तू तिथे होतास आणि बरोबर सांगत होतास. मी तुझं तेव्हाही ऐकलं नाही आणि आताही ऐकलं नाही. फुस्स गेल्यावर, रुग्णवाहिकेची वाट बघताना, मी ते उचलून परत खिळ्याला लावलं. बाबांनी डोळे उघडले होते. बघितलं की नाही, मला माहीत नाही. मी मोठ्यानं सांगितलं, "चोवीस म्हणतोय."



आई


२६ जून

घुम्या,

मी एसी बंद केलेला नाही. शेजारी म्हणतात, रिकाम्या खोलीत कशाला चालवता? मी म्हणते, बघते आहे.

फुस्स परवा न बोलावता आला. नळ्या लावल्या, काटा मला दाखवला. "जिथे होता तिथेच आहे, काकू. जराही कमी नाही." त्याला वाटलं, मला बरं वाटेल. त्याला चहा दिला. तो खाली मान घालून प्याला आणि कप स्वतः धुऊन ठेवून गेला.

गळेल कसा? मी आता काही पुसतच नाही.

पलंग नेला, मेणकापड नेलं, औषधं दिली कुणाला तरी. बाहेरच्या खोलीत एक खुर्ची दाराशेजारी ठेवली आहे. बाबांनी सांगितलं होतं तिथे. कुणी बसलं आणि ती सरकली की आता मला ऐकू येईल.

काल त्या खोलीत उभी राहून मी खूप वेळ नाकानं हवा ओढून बघितली. त्यांचा, औषधांचा, व्हिनेगरचा, कशाचा तरी असेल म्हटलं. नाही.

आता खोलीला कसलाच वास येत नाही, रे. रुमाल लागणार नाही. ये.

आई